विजया मुळे (अक्का) यांच्या आठवणीत एक संध्याकाळ: काय दाखवावं?

पाणपोई

मंडळी, मदत हवी आहे.

आमची फिल्म सोसायटी लहान. सभासद कागदावर बरेच, खुर्च्यांवर मोजके. येत्या मे महिन्यात विजया मुळे यांच्या आठवणीत एक संध्याकाळ करायची असं परवाच्या बैठकीत ठरलं. मे अशासाठी, की त्यांचा जन्म १६ मे १९२१ चा, मुंबईतला. आणि गेल्या त्या १९ मे २०१९ ला, दिल्लीत, अठ्ठ्याण्णव पुरी करून.

मी नाव घेतलं तेव्हा बैठकीत कुणाच्याच चेहऱ्यावर काही उमटलं नाही. 'अभिनेत्री सुहासिनी मुळे यांच्या आई' म्हटल्यावर दोघांनी माना हलवल्या. मग 'एक अनेक और एकता' म्हणालो, तर अख्खी सभा गायलाच लागली. आमचे खजिनदारसुद्धा, जे एरवी वर्गणी सोडून दुसऱ्या कशासाठी तोंड उघडत नाहीत.

पंचाईत इथेच आहे. सात मिनिटांची ती ॲनिमेशन फिल्म (१९७४) सगळ्यांना पाठ आणि ती दिग्दर्शित करणारी बाई कुणालाच ठाऊक नाही. दूरदर्शनवर ती इतक्या वेळा लागली की ती कुणी तरी बनवली असेल हेच आपल्या डोक्यात आलं नाही. माहितीपटकार, शिक्षणतज्ज्ञ, फिल्म सोसायटी चळवळीचा एक खांब आणि दोन-तीन पिढ्यांच्या फिल्मवाल्यांची 'अक्का'.

हाताशी दोन तास आहेत. काय दाखवू, काय सांगू?

खोडरबर

सात मिनिटांची फिल्म सतरा वेळा दाखवा. एक मिनिट आभारप्रदर्शनाला उरतं.

शीतल_प

खोडरबर, =)) =))

पाणपोई, चांगला धागा. वाचतेय. मला त्यातली शेवटची गोष्टच आठवते, जाळं घेऊन उडणारे पक्षी. आमच्या वर्गात ते करून दाखवायचो आणि पारध्याचं काम नेहमी माझ्याच गळ्यात पडायचं.

बोरूबहाद्दर

हेतू चांगला आहे, पण एक शंका काढतो. त्यांना 'माहितीपटकार' म्हणावं इतकं काम आहे का? जी प्रसिद्ध ती ॲनिमेशन. बाकी काय? हुगळीवरची एक छोटी फिल्म केली होती एवढं ऐकून आहे. ज्यांनी आयुष्यभर एकामागून एक माहितीपट केले, अंगावर कर्ज काढून केले, त्यांची नावं कुणी घेत नाही. सरकारी पदांवर राहून जे शिक्षण, चळवळ वगैरे झालं त्याबद्दल आदर आहेच. पण स्मृतिसंध्या माहितीपटकाराची असेल तर फिल्म्स मोजायला नकोत का?

(काडी टाकलेली नाही. खरंच विचारतोय.)

खोडरबर

काडी टाकली नाही, नुसती पेटवून हातात धरली आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलो.

रीळवाला

बोरूबहाद्दर, प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांबेल.

मी आयुष्यात एकही फिल्म केलेली नाही. दाखवल्या मात्र पुष्कळ. आमच्या जिल्ह्याच्या गावी फिल्म सोसायटी होती, तिचा प्रोजेक्टर माझ्याकडे असे. सोळा एमएमचा. फिल्म यायची रेल्वे पार्सलने, गोल पत्र्याच्या डब्यांतून. आधीच्या गावाने रीळ उलटं गुंडाळून न ठेवता तसंच पाठवलं असेल तर पहिला तास त्यातच जायचा. फिल्मच्या कडेची भोकं फाटलेली असायची, मग स्प्लायसरवर तेवढा तुकडा कापून टेपने जोडायचा. पडद्यावर तिथे चित्र टुणकन उडी मारतं. सोळाशे फुटांचं एक रीळ चव्वेचाळीस मिनिटं चालतं. त्यानंतर दिवे लावायचे, रीळ बदलायचं, तेवढ्यात लोक चहा पिऊन यायचे. कार्यक्रम संपला की रात्रीच डबे बांधून स्टेशनवर, कारण दुसऱ्या दिवशी दुसरं गाव वाट बघत असायचं.

आता हे डबे गावोगाव फिरायचे कशाच्या जोरावर? १९५९ साली फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया स्थापन झाली म्हणून. अध्यक्ष सत्यजित राय, ते शेवटपर्यंत अध्यक्ष राहिले. संयुक्त सचिव दोघं: चिदानंद दासगुप्ता आणि विजया मुळे. अध्यक्षाचं नाव लेटरहेडवर शोभतं, पण पत्रं लिहिणं, दूतावासांकडून फिल्म मागणं, ती कस्टममधून सोडवणं, कुठल्या गावाला कुठल्या तारखेला द्यायची ते लावणं, ही सचिवाची हमाली. ज्यांनी कधी संस्था चालवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आमच्या त्या गावात पोलिश, चेक, रशियन सिनेमे आले. ते बघणाऱ्यांतले काहीजण पुढे कॅमेरा हातात घेऊन उभे राहिले. फिल्म्स मोजायच्या तर ह्या कुणाच्या खात्यावर धरायच्या?

चष्मेबहाद्दर

रीळवाला, दंडवत. वाचनखूण साठवली.

एक पुस्ती. अक्कांना सिनेमाचं वेड लागलं ते परदेशी शिकायला गेल्यावर. लग्नानंतर त्या पाटण्याला होत्या, तिथून १९४६ मध्ये शिष्यवृत्तीवर इंग्लंडला, लीड्स विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकायला गेल्या. तिथली फिल्म सोसायटी हीच त्यांची खरी शाळा. परत आल्यावर पाटण्यात फिल्म सोसायटी, मग नोकरीने दिल्लीत गेल्यावर दिल्ली फिल्म सोसायटी. बाई गेल्या तिथे पडदा लागला, असा सगळा प्रकार.

तिरकस_तिठा

फिल्म सोसायटीचं एवढं गुणगान चाललंय तर खरं बोलू का? आमच्याकडे निम्मे सभासद युरोपियन सिनेमाला यायचे ते सेन्सॉरची कात्री न लागलेले प्रसंग बघायला. सोसायट्यांना सेन्सॉरमधून सूट असायची ना. काळा-पांढरा, संथ, नुसतीच शेतं दाखवणारा सिनेमा लागला की पहिल्या रिळातच अर्धं सभागृह सायकलस्टँडवर.

रीळवाला

तिठा, शंभर टक्के खरं. पण उरलेलं अर्धं सभागृह ती शेतं बघत बसायचं, तेही लिहा.

आणि गंमत म्हणजे अक्कांनी साठच्या दशकात काही वर्षं सेन्सॉर बोर्डातच नोकरी केली. म्हणजे एका हाताने सोसायट्यांना न कापलेल्या फिल्म मिळवून द्यायच्या आणि दुसऱ्या हातात सरकारी कात्री.

बोरूबहाद्दर

हेच मला खटकतं, रीळवाला. कात्री हातात असलेली व्यक्ती चळवळीची आई कशी? आणि आता विषय निघालाच आहे म्हणून: 'एक अनेक' मलाही पाठ आहे, गोडच आहे. पण १९७४ ला बनली, आणि पुढच्याच जूनमध्ये आणीबाणी. 'एक व्हा, एक व्हा' हा त्या वेळच्या सरकारचा आवडता मंत्र. मुलांसाठीचा प्रचारपटच म्हणायचा ना तो? फेडरेशनच्या उपाध्यक्षांमध्ये खुद्द इंदिरा गांधी होत्या, हेही विसरू नका.

मृण्मयी_न

बोरूबहाद्दर, इथे असहमत.

शिक्षण खात्यासाठी बनलेली फिल्म सरकारी पैशातून होणार, ह्यात गुपित काही नाही. पण ती नीट बघा. एक लहान मुलगा ताईला विचारतो, अनेक म्हणजे काय? ताई व्याख्या सांगत नाही. आकाशाकडे बोट दाखवते, झाडाकडे दाखवते. सूर्य, चंद्र, तारे, खार, फुलपाखरू. मग गोष्ट. संकल्पना आधी डोळ्यांना भेटते, शब्द मागून येतो. हे लिहिणारी बाई शिक्षक होती हे पहिल्या मिनिटात कळतं. झेंडा, पुढारी, धरण, विमान, त्या काळच्या सरकारी फिल्ममध्ये हमखास असणारं सामान इथे शोधावं लागतं.

आणि पारध्याची गोष्ट आणीबाणीच्या खूप आधीची आहे. पंचतंत्रातल्या मित्रसंप्राप्तीत कबुतरांचा राजा चित्रग्रीव जाळ्यात सापडतो, सगळे मिळून जाळ्यासकट उडतात आणि हिरण्यक नावाच्या उंदराकडे जातात. मूळ गोष्टीत उंदीर आधी राजाचे पाश तोडायला निघतो, तर चित्रग्रीव त्याला थांबवतो: आधी माझ्या सोबत्यांचे तोड, मग माझे. प्रचारच करायचा असता तर राजा असा लाभला नसता.

शीतल_प

मित्रसंप्राप्तीसाठी +१. लगेच लेकीला सांगितली.

सूरपारंबी

अवांतर, पण गाण्याबद्दल कुणी बोलतच नाहीये म्हणून.

त्या फिल्मचं संगीत वसंत देसाईंचं. सावंतवाडीकडचा माणूस, 'प्रभात'पासून शांतारामबापूंबरोबर. 'अमर भूपाळी'तलं 'घनश्याम सुंदरा', 'दो आँखें बारह हाथ'मधली प्रार्थना, 'गुड्डी'तली प्रार्थना, सगळी त्यांची. अर्ध्या हिंदुस्थानच्या शाळांची सकाळ ह्या एका माणसाच्या चालींवर उगवत होती आणि त्याला ते मिरवायचं नव्हतं. शेकडो शाळकरी मुलांकडून एकत्र समूहगान बसवून घेण्यात त्यांचा हातखंडा होता. 'हिंद देश के निवासी' हे गीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचं. आणि त्या फिल्ममधला कोवळा आवाज साधना सरगम यांचा, लहानपणीचा.

फिल्म १९७४ ची. देसाई २२ डिसेंबर १९७५ ला लिफ्टच्या अपघातात गेले. अगदी शेवटच्या कामांपैकी हे एक.

पाणपोई, कार्यक्रमात हे सांगाच. मुलं चाल गुणगुणत घरी जातील, नाव घेऊनही जाऊ देत.

चष्मेबहाद्दर

आणि भीमसेन! गायक नव्हेत, ॲनिमेशन करणारे, 'घरौंदा' (१९७७) दिग्दर्शित करणारे भीमसेन. चित्रं त्यांची. सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १०,०८० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेमना वापरलं असं धरलं तरी पाच हजारांच्या घरात. तेव्हा संगणक नव्हता, 'सेल' म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकवर हाताने रंगवायचं. मी ॲनिमेशन शिकवतो. पोरं 'अॅपमध्ये किती वेळ लागेल सर' असं विचारतात, तेव्हा हे गणित फळ्यावर मांडतो. वर्ग गप्प.

खोडरबर

वर्ग गप्प नाही, वर्ग इन्स्टावर.

आळंदकर

मी इथे सहसा लिहीत नाही, पण कुणी 'साइट'चं नाव काढेना म्हणून लॉगिन केलं.

आमचं मूळ गाव तेव्हाच्या गुलबर्गा जिल्ह्यातलं. घरी मराठी, दारात कन्नड. १९७५ च्या ऑगस्टमध्ये सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट, म्हणजेच 'साइट', उपग्रहावरून खेड्यांत शैक्षणिक टीव्ही दाखवण्याचा प्रयोग, सुरू झाला. सहा राज्यांतली २,४०० खेडी निवडली होती. कर्नाटकात विजापूर, गुलबर्गा, रायचूर. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी उसना मिळाला होता. गावात वीज नावाला, पक्का रस्ता नाही, पण पंचायतीच्या गच्चीवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी तबकडी. घरच्या मोठ्यांनी तिच्यात दोरीवर धोतरं वाळत घालण्याचे प्रयत्न केल्याच्या कथा मी लहानपणापासून ऐकत आलोय.

सकाळी दीड तास शाळेच्या पोरांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. चार भाषांत विभागून. सकाळचे कार्यक्रम पाचवीच्या आतल्या मुलांना समोर धरून केलेले होते. ह्यातला काही भाग करत होतं सेंटर फॉर एज्युकेशनल टेक्नॉलॉजी आणि त्याच्या प्रमुख होत्या विजया मुळे. 'एक अनेक' हीदेखील त्याच केंद्राची निर्मिती.

आमचे काका तेव्हा तिसरीत होते. त्यांना शाळेत कधी काय शिकवलं ते आठवत नाही, पण टीव्हीत बघून दुसऱ्या दिवशी भिंगाने वाळलेलं पान जाळलं हे आठवतं. शेजारच्यांची गंजी थोडक्यात वाचली. जुलै १९७६ अखेर प्रयोग संपला. उपग्रह ज्याचा त्याला परत. काका म्हणतात, गावातली माणसं पुढे कितीतरी दिवस संध्याकाळी सवयीने पंचायतीसमोर येऊन बसत.

बोरूबहाद्दर, फिल्मचं म्हणाल तर माझ्याकडे यादी नाही. पण काकांना कुणी भिंग हातात घ्यायला लावलं एवढं मला माहीत आहे.

बोरूबहाद्दर

आळंदकर, हे आवडलं. पण हे 'शैक्षणिक कार्यक्रम' झाले. मी माहितीपट म्हणतोय.

तिरकस_तिठा

बोरूबुवा, भिंत दाखवा आम्हाला. अलीकडे शिक्षण, पलीकडे माहितीपट, अशी नेमकी कुठे बांधली आहे? माहितीपट म्हणजे तरी काय? १८९९ ला सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती भरली होती ती कॅमेऱ्यात धरली. १९०१ ला रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले तो सोहळा धरला. कुस्ती ही करमणूक, रँग्लर ही बातमी. आज दोन्हींकडे आपण 'भारतीय माहितीपटाची सुरुवात' म्हणून बघतो. सावेदादांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बाजूला व्हा, उजेड जातोय.

खोडरबर

सावेदादांच्या तोंडी वाक्य घालताय, तिठा. पुढच्या धाग्यात कुणी तरी ते खरं म्हणून चिकटवेल.

तिरकस_तिठा

घातलंच आहे. वाचकांनी कृपया खरं धरू नये.

मृण्मयी_न

बोरूबहाद्दरांच्या मूळ प्रश्नाकडे माझ्या वाटेने येते.

मी माहितीपटांसाठी ध्वनिमुद्रण करते. अक्कांना कधी भेटले नाही. पण ज्यांच्या हाताखाली शिकले ते सर अशाच एका शैक्षणिक दूरचित्रवाणी केंद्रातून आलेले. (नाव लिहीत नाही, त्यांना मुळीच आवडणार नाही.) त्यांच्या स्वतःच्या नावावर अगदी थोड्या फिल्म आहेत. पण आज ह्या धंद्यात मी जिथे जाईन तिथे त्यांचा एक तरी विद्यार्थी भेटतोच.

त्यांचा एक नियम सांगते. मुलाखत संपली की आम्ही सगळे लगेच वायरी गुंडाळायला धावायचो. सर हात वर करायचे. जो जिथे आहे तो तिथेच थांबणार. अर्धा मिनिट कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, फक्त खोलीचा आवाज टेपवर घ्यायचा. पंखा, लांबची गाडी, शेजारचा कुकर. संकलनात दोन वाक्यांमधला सांधा त्याच आवाजाने भरायचा असतो, ही झाली तांत्रिक बाजू. पण त्या अर्ध्या मिनिटात आम्ही त्या घराकडे पहिल्यांदा नीट बघायचो. भिंतीवरचा फोटो, कोनाड्यातलं औषध, दाराआड उभी असलेली आणि आपल्याला कुणी काहीच न विचारलेली सून. बऱ्याचदा पुढची मुलाखत त्या सुनेची व्हायची.

लहान मुलांबरोबर काम करताना सर आणखी कडक. मुलाच्या तोंडात उत्तर घालायचं नाही. 'शाळा आवडते ना?' असं विचारलं की टेप बंद. 'आज शाळेत काय झालं?' असं विचारायचं. तुमची शाळा कुठली असं मी एकदा त्यांना विचारलं, तर म्हणाले, मी मास्तर लोकांकडून फिल्म शिकलो, फिल्मवाल्यांकडून नाही. ते ज्या काळात ज्या प्रकारच्या केंद्रात तयार झाले त्याचा पाया घालणाऱ्यांत अक्का होत्या. म्हणून त्यांना मी माझी आजेगुरू मानते, पुरावा मागू नका.

फिल्म्स मोजायच्या तर मोजा. पण एखादा विद्यार्थी अर्धा मिनिट गप्प उभा राहायला शिकतो त्याची नोंद कुठल्या श्रेयनामावलीत येते?

शीतल_प

मृण्मयी, कसलं सुंदर लिहिलंस गं. यावर वेगळा धागा काढ.

निमूट

मराठीत असंच दुसरं नाव सुमित्रा भावे. त्याही मूळच्या समाजकार्य शिकवणाऱ्या. झोपडपट्टीतल्या बायकांवर संशोधन केलं, ते त्या बायकांपर्यंत परत न्यायचं तर जाडजूड अहवाल कामाचा नाही म्हणून १९८५ ला 'बाई' हा लघुपट केला, तोवर कॅमेऱ्याचं रीतसर शिक्षण नव्हतं. पुढे 'दहावी फ', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'कासव'. फरक इतकाच की भावे फिल्मकडे वळल्या आणि तिथेच राहिल्या, मुळे येत-जात राहिल्या.

बोरूबहाद्दर

निमूट, मला ह्याच फरकाबद्दल म्हणायचं होतं. असो. मृण्मयींच्या प्रतिसादानंतर मी थोडा निवळलो आहे, पूर्ण नाही. मार्गदर्शक म्हणून मान्य. पण मग संध्याकाळ 'मार्गदर्शक विजया मुळे' म्हणून करा आणि ज्यांना त्यांनी वाट दाखवली त्यांचं काम दाखवा. घरातूनच सुरुवात करता येईल. सुहासिनी मुळे 'भुवन शोम'च्या (१९६९) नायिका एवढंच लोकांना माहीत. त्यांनी तपन बोस यांच्याबरोबर भागलपूरच्या अंधीकरणावर (पोलिसांनी कच्च्या कैद्यांचे डोळे फोडले, त्यावर) 'ॲन इंडियन स्टोरी' (१९८१) आणि भोपाळ वायुकांडावर 'बियाँड जेनोसाइड' (१९८६) केली. आई सरकारी नोकरीत, मुलगी सरकारला आरसा दाखवणारी. हा ताण मला आणखी चारदा गाणं ऐकण्यापेक्षा जास्त बघण्यासारखा वाटतो.

रीळवाला

वा! बोरूबहाद्दर, ह्या एका सूचनेसाठी तुमच्या सगळ्या काड्या माफ.

पाणपोई

सगळ्यांचे आभार. दोन दिवस प्रवासात होतो, तेवढ्यात धागा बराच पुढे गेला. हुगळीच्या फिल्मबद्दल कुणाला काही सांगता येईल का? 'द टायडल बोअर', १९६७. नदीत लाट उलटी येते म्हणजे नेमकं काय हे मलाच नीट कळलेलं नाही, प्रेक्षकांना काय सांगू?

आळंदकर

थोडक्यात सांगतो. नदीचं मुख समुद्राकडे रुंद आणि आत चिंचोळं होत जाणारं असेल, तर अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचं पाणी आत शिरताना कोंडतं आणि त्याची भिंत होऊन ती प्रवाहाच्या विरुद्ध वर सरकते. बंगालीत 'बान' म्हणतात. होड्या आधीच काठापासून लांब, खोल पाण्यात नेऊन ठेवतात, कारण काठावर ती आपटते.

आता कॅमेरावाल्याच्या बाजूने बघा. लाट वेळापत्रकाप्रमाणे येते आणि बघता बघता पुढे निघून जाते. 'परत एकदा घेऊ' म्हणायची सोय नाही. चुकलं तर पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत थांबा. पहिलीच फिल्म करताना असा विषय निवडायला छाती लागते.

चष्मेबहाद्दर

बोलायला आणखी एक मुद्दा. जवळपास नव्वदीला पोचल्यावर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं (२०१०): विसाव्या शतकात परदेशी दिग्दर्शकांनी भारत कसा दाखवला याचा अभ्यास. राजे, योगी, हत्ती इथपासून गांधी आणि त्यापुढे. फ्रेंच दिग्दर्शक लुई मालच्या, बीबीसीवर लागलेल्या भारतावरच्या मालिकेने आपलं सरकार इतकं भडकलं की १९७० मध्ये बीबीसीला दिल्लीतलं कार्यालय बंद करावं लागलं. हे लक्षात घेतलं की अशा विषयावर शांतपणे, तपशिलात लिहिणं म्हणजे काय ते कळतं. २००२ मध्ये मुंबईच्या माहितीपट महोत्सवात त्यांना व्ही. शांताराम जीवनगौरव मिळाला होता. बोरूबहाद्दर, पुरस्कार माहितीपटांसाठीचा आहे बरं का.

बोरूबहाद्दर

वाचलं. पुरस्कार समितीत मी नव्हतो.

पाणपोई

तर आता असा बेत आहे. 'एक अनेक' शेवटी नाही, मध्ये लावायची. सुरुवातीला लावली तर लोक गाणं म्हणून निघून जातील आणि शेवटी ठेवली तर आधीचं सगळं त्याची वाट बघत बसतील. आरंभी हुगळीची फिल्म, चांगली प्रत मिळाली तर. नाही मिळाली तर फिल्म्स डिव्हिजनची 'आय ॲम ट्वेंटी' (१९६७), एस. एन. एस. शास्त्रींची. स्वातंत्र्याच्या दिवशी जन्मलेली मुलं विसाव्या वर्षी काय बोलतात ते आहे त्यात. अक्कांची नाही, पण हुगळीच्या फिल्मच्याच वर्षातली. नंतर आळंदकरांचे काका येणार असतील तर त्यांची दहा मिनिटं. मग 'एक अनेक', त्याला जोडून वसंत देसाई आणि भीमसेन यांच्याबद्दल. शेवटी भोपाळची फिल्म आणि चर्चा. परवानगीसाठी पत्रं उद्या टाकतो.

मृण्मयी, तुम्ही येऊन ते अर्धं मिनिट प्रेक्षकांकडून करून घ्याल का?

मृण्मयी_न

येईन. पण तेव्हा पंखे चालू ठेवा. बंद केलेत तर ऐकायचं काय?

आळंदकर

काका तयार आहेत. भिंग घेऊन येऊ का विचारतायत.

खोडरबर

सभागृहाला पडदे आहेत ना? मग येऊ द्या.

तिरकस_तिठा

भोपाळनंतर थेट चर्चा नको. लोकांना पाच मिनिटं बाहेर जाऊ द्या, नाहीतर पहिला उठणारा 'फिल्म छान होती' म्हणेल.

रीळवाला

पटलं. आणि पाणपोई, लॅपटॉपच्या आवाजावर भागवू नका. यूट्यूबवरच्या प्रतींचा आवाज मुळातच दबका असतो. बाहेरचे स्पीकर मागवा, ते पडद्याच्या दोन्ही बाजूंना कानाच्या उंचीवर ठेवा, आणि आदल्या दिवशी शेवटच्या रांगेत बसून सगळं एकदा ऐका. फिल्म आधी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, सभागृहाच्या वायफायवर विसंबू नका. केबल लांब घ्या. मी दुपारी चारला पोचतो.